एनर्वेटिंग हवा

त्या उन्हाळ्यात विल्फ्रेड ऑडीच्या लॉजकडे कुत्रंही फिरकत नव्हतं आणि समोर मिसेस क्रॅबट्रीकडे खोली मिळत नव्हती. दोन्हीकडे न्याहारी तीच, वारा तोच, भिंतींना ओलही तीच. फक्त मिसेस क्रॅबट्रीच्या पाटीवर ‘निवांत’ असा शब्द होता. याहून भारदस्त शब्द आपल्या पाटीवर हवा, असं विल्फ्रेडने मनाशी घेतलं.

रेडिओवर कुणीतरी ‘एनर्वेटिंग हवामान’ म्हटलेलं त्याने ऐकलं होतं. शब्द एनर्जीच्याच खानदानातला असणार, याबद्दल त्याला शंका आली नाही. त्याने सोनेरी अक्षरांत पाटी रंगवून घेतली : ‘येथील समुद्राची हवा एनर्वेटिंग आहे.’

“म्हणजे काय रे?” त्याची बायको डोरीन म्हणाली.

“अंगात तरतरी आणणारी.”

“मग तसंच लिहायचं की!”

“तरतरी काय, चहासुद्धा आणतो. लोक शब्दाला भुलतात, डोरीन.”

त्या शब्दाला भुलून मिस्टर पेलम आले. हे लॅटिनचे निवृत्त मास्तर. दुसऱ्या दिवशी उकडलेल्या अंड्याचं टोपण उडवत ते म्हणाले, “मिस्टर ऑडी, तुमचा प्रामाणिकपणा मला फार आवडला. इथली हवा माणसाचं त्राण काढून घेते, असं पाटीवर छापणारा लॉजवाला मी उभ्या इंग्लंडात पाहिला नाही.”

“त्राण देते, साहेब.”

“काढून घेते. लॅटिनमध्ये नेर्वुस म्हणजे स्नायुबंध. ते काढून घेतल्यावर माणसाचं काय उरतं?”

“डिक्शनरी बघू,” विल्फ्रेड म्हणाला. त्याचा आवाज मात्र जरा खाली आला होता.

घरात डिक्शनरी एकच, आणि ती पेलमसाहेबांच्याच खोलीत कपाटाच्या मोडक्या पायाखाली होती. दोघे वर गेले. पेलमसाहेबांनी कपाटाला खांदा दिला, विल्फ्रेडने डिक्शनरी ओढली. डिक्शनरी आली. मागोमाग कपाटही आलं. ते सावकाश कललं आणि दारावर आडवं होऊन घट्ट बसलं.

“काय पडलं?” बाहेरून डोरीन ओरडली.

“काही नाही! शब्द बघतोय!”

अर्धा तास दोघांनी कपाट ढकललं. मग पेलमसाहेब धापा टाकत जमिनीवर बसले आणि त्यांनी पान काढलं. “एनर्वेट,” त्यांनी वाचलं, “गलितगात्र करणे. निःसत्त्व करणे.”

विल्फ्रेडने वाकून पान पाहिलं. तोही बसला.

शेवटी डोरीनने अग्निशमन दल बोलावलं. बंब आला म्हणून अख्खी गल्ली जमली. मिसेस क्रॅबट्रीच्या बागेला बक्षीस मिळालं होतं, म्हणून गावच्या वर्तमानपत्राचा फोटोग्राफर तिथे गुलाबांचे फोटो काढत होता. त्याने कॅमेरा वळवला. जवानाच्या खांद्यावर पोत्यासारखे लोंबणारे पेलमसाहेब शिडीवरून खाली येत होते आणि त्यांच्या डोक्यावर सोनेरी अक्षरं लखलखत होती. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर तोच फोटो होता. खाली संपादकांनी शब्दाचा अर्थही दिला होता.

विल्फ्रेड सकाळपासून खुर्चीत बसून होता. “पाटी उतरव,” तो म्हणाला. “लॉजही विकून टाकू.”

डोरीन स्टूल घेऊन निघाली, तोच फोन वाजला.

लीड्सहून एक बाई बोलत होत्या. “तुमच्या गावातल्या माझ्या बहिणीने पेपरातलं सांगितलं, ते खरं का हो? आमचे हे रिटायर झाल्यापासून घरात एक वस्तू जागेवर राहू देत नाहीत. काल छपराची कौलं काढली. तुमच्या हवेने खरंच त्राण जातं ना?”

डोरीनने स्टूल खाली ठेवलं.

“पाठवून द्या निर्धास्त,” ती म्हणाली. “आमचे हे तीस वर्षं हीच हवा खातायत. दुपार झाली, अजून खुर्चीतून उठलेले नाहीत.”