औशाच्या काट्याची ब्रँच

मन्मथप्पा दुपारी झोपून उठल्याशिवाय कुणाचाही कोड स्वीकारत नाहीत.

लातूरच्या मार्केट यार्डामागे त्यांची दालमिल आहे. मिलच्या वरच्या खोलीत एक बाज, एक पंखा आणि एक संगणक. खालून तुरीची पिवळी धूळ जिन्याने वर येते आणि खिडकीतल्या उन्हात तरंगत राहते. या खोलीत बसून मन्मथप्पा वजनाच्या पावत्या छापणारा एक प्रोग्रॅम सांभाळतात. तो फुकट आहे. कुणीही घ्यावा, कुणीही सुधारावा. तूर कशाला म्हणतात हे माहीत नसलेल्या देशांतही तो आता चालतो.

लोक सुधारणा पाठवत राहतात. त्या थेट मूळ प्रोग्रॅममध्ये घालायच्या नसतात. प्रत्येकीसाठी मुळाची एक वेगळी प्रत काढायची, तिला ब्रँच म्हणतात. तिथे पारखायचं आणि पसंत पडली तर मुळात मिसळायची. हे जगभर असंच चालतं. पारखण्याची पद्धत मात्र मन्मथप्पांची स्वतःची आहे. ब्रँच उघडून ते एकदा वाचतात आणि बाजेवर आडवे होतात.

"निजू द्या तिला जरा," ते म्हणतात. ती म्हणजे ब्रँच. बाजाराच्या बातम्यांसाठी मी यार्डात फिरतो, त्यांच्या खोलीतही बसतो; एकदा खोकलो तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

झोपेत त्यांना पावत्या दिसतात. मिलच्या पट्ट्यावरून त्या संथ वाहत जातात, कोऱ्या, पांढऱ्या, आणि एखादी मध्येच पाखरासारखी उडून छताला टेकते. "काल सपनात सगळ्या पावत्या भिजल्या होत्या," त्यांनी एकदा सांगितलं. तपासलं तर त्या ब्रँचमध्ये अक्षरांवर अक्षरं छापली जात होती. एरवी स्वप्नं चुकतातही, हे नोंदवायला हवं. स्वप्नात सगळं सुरळीत दिसलं म्हणून मिसळलेल्या एका ब्रँचने दुसऱ्या दिवशी सगळ्या ट्रकांचं वजन शून्य छापलं. "झोप कच्ची झाली," एवढाच खुलासा मिळाला.

पोलंडच्या एका सहकाऱ्याला त्यांनी कळवलं होतं, "आपली सुधारणा मिळाली. अजून झोप झालेली नाही." त्याने काळजीने तब्येतीची चौकशी केली आणि कॉफी कमी करा म्हणून सुचवलं.

या सगळ्यात एक जुनी ब्रँच होती. प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्त्या पुढे गेल्या, ही मागे राहिली, फक्त जुनाट संगणकांसाठी. प्रत्येक दुरुस्ती मन्मथप्पा तिच्यातही हाताने उतरवायचे. काम दुप्पट व्हायचं. सहकाऱ्यांच्या ऑनलाइन बैठकीत पुण्याच्या गौरीने विषय काढला, तेव्हा मी खोलीत होतो.

"अप्पा, ती जुनी ब्रँच आता बंद करू या. तिच्यासाठी सगळं अडून राहतं. वापरतं कोण ती?"

"हाय एक गिऱ्हाईक. औशाला."

"एका माणसासाठी, अप्पा?"

"झोपून उठू द्या. सांगतो."

"बरं, सोमवारपर्यंत झोपा," गौरी हसून म्हणाली.

त्या आठवड्यात मन्मथप्पा मला दुपारी पहिल्यांदा जागे दिसले. बाजेवर उताणे, डोळे उघडे.

"काय झालं, अप्पा?"

"काई न्हाई. पंखा लई आवाज करायलाय."

औशाचं गिऱ्हाईक म्हणजे त्यांचे थोरले भाऊ शिवराजप्पा, हे यार्डात सगळ्यांना ठाऊक आहे. वडिलांमागे मिल धाकट्याकडे आली आणि औसा रस्त्यावरचा वजनकाटा थोरल्याकडे. वाटणीच्या दिवशी धाकटा सहज म्हणाला, काटा जरा जास्तच दाखवतो. काटेवाल्याला याहून मोठी शिवी नाही. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. पण प्रोग्रॅम मुळात त्या काट्यासाठीच लिहिलेला होता आणि काट्यावर तो चालूच राहिला. काही बिघडलं की औशाहून प्रोग्रॅमच्या पानावर, साऱ्या जगासमोर, मजकूर पडतो: "महोदय, किलोचा आकडा पुसट येत आहे. पहावे." लातूरहून उत्तर जातं: "महोदय, दुरुस्त केले आहे. उतरवून घ्यावे." दोघा भावांचं बोलणं ते एवढंच.

शनिवारी तुरीच्या आवकेची बातमी घ्यायला मी औशाला गेलो. परतताना काट्यावर थांबलो. बाहेर ट्रकांची रांग उन्हात पेंगत होती. आत जुना संगणक धापा टाकत एकेक पावती बाहेर ढकलत होता. टेबलाखाली एक मोठा खोका होता, त्याची चिकटपट्टीही काढलेली नव्हती.

"यात काय आहे?" मी विचारलं.

"नवा कंप्युटर. पोरानं धाडला. दोन दिवाळ्या झाल्या की."

"मग बसवला नाहीत?"

शिवराजप्पा काट्यावर चढणाऱ्या ट्रककडे बघत राहिले.

"नवा बसवला की बिघडणार न्हाई," ते म्हणाले. "मग त्याला लिहावं काय?"

लातुरात सांगू नका, असं ते म्हणाले नाहीत.

सोमवारी मी मन्मथप्पांना माहिती दिली. खोका आहे. दोन दिवाळ्यांपासून बंद आहे. आणि शिवराजप्पांचं वाक्य, ऐकलं तसं. खाली चाळण्या चालू होत्या, त्यांच्या आवाजात खोली थरथरत होती. मग बैठक सुरू झाली.

"गौरी, ती जुनी ब्रँच बंद कर," मन्मथप्पा म्हणाले.

"नक्की ना, अप्पा? तुमच्या गिऱ्हाइकाचं काय?"

"त्यांच्याकडं नवा कंप्युटर हाय. तेवढा बसवून द्यावा लागंल."

"एवढंच ना? मी फोनवर सांगते त्यांना, अर्ध्या तासात होईल."

"न्हाई न्हाई," मन्मथप्पा घाईने म्हणाले. "फोनवर न्हाई जमायचं ते. माणूस जावा लागतो."

पडदा बंद झाल्यावर ते बराच वेळ हातावरची पिवळी धूळ पुसत बसले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "काट्यावर सकाळच्याला गर्दी असती का हो?"

"नसते," मी सांगितलं.