सुनंदाताईंची पुढची खोली

सुनंदाताई रणपिसे यांनी सत्तरी ओलांडली आहे. घरात शाळेत जाणारं मूल नाही, नातवंड नाही. तरीही इंग्लंडमध्ये, आमच्या स्लाऊच्या आसपास कुठल्याही शाळेचा ओपन डे, म्हणजे पालकांना शाळा दाखवायचा दिवस, असला की ताई तिथे हजर. अंगात मरून कोट, खांद्याला कापडी पिशवी, पायात पांढरे ट्रेनर्स. रिसेप्शनवरची मुलगी विचारते, "कुणासाठी बघताय?"

"नातीसाठी."

"कितवीत आहे?"

"अजून जन्मली नाही. पण तुमची वेटिंग लिस्ट मोठी असते म्हणे."

तोवर छातीवर व्हिजिटरचं स्टिकर लागलेलं असतं, आणि ताई आत. मुख्याध्यापकांचं भाषण त्या ऐकत नाहीत, ट्रॉफ्यांच्या कपाटाकडे ढुंकून बघत नाहीत. सरळ एखाद्या वर्गात शिरतात आणि शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसतात. खुर्ची लहान मुलांची, त्यामुळे गुडघे जवळजवळ हनुवटीला लागतात. मुलं वळूनवळून बघतात. टीचर कसनुसं हसते. ताई ढिम्म.

"शाळा मागच्या खुर्चीवरून बघायची असते," त्या म्हणतात. "पुढून काय, सगळ्याच छान दिसतात."

आमच्याकडे मूल आठ वर्षांचं झालं की आईबाप ग्रामर स्कूलच्या, म्हणजे हुशार मुलं निवडून घेणाऱ्या सरकारी शाळेच्या, प्रवेशपरीक्षेने पछाडले जातात. रविवारी विहाराच्या भाड्याच्या हॉलमध्ये वंदना संपली, की असे चारपाच पालक ताईंना गाठतात. रिझल्ट कसे आहेत, मॅथ्स कसं आहे? ताईंची उत्तरं भलतीच. "स्विमिंग पूल आहे, पण मागच्या पोरीला नावाने कुणी हाक मारली नाही." "बाकी ठीक, पण कोपऱ्यातल्या मुलाला फळा दिसत नाही, आणि दिसत नाही हे कुणाला दिसत नाही." पालक मान डोलावतात आणि घरी जाऊन लीग टेबल, म्हणजे निकालांवरून लावलेली शाळांची क्रमवारी, उघडतात. आम्हीही तेच करायचो. ताईंच्या शेजारी, एका भिंतीपलीकडे राहत असूनही.

मग आमच्या इराची शाळा बंद पडली.

म्हणजे शाळा चालू होती, इराच थांबली. घरात अखंड बडबडणारी माझी नऊ वर्षांची मुलगी शाळेच्या फाटकाशी पोचली की मुकी व्हायची. आधी बोलणं गेलं, मग डबा खाणं गेलं, आणि एका सकाळी ती बूट घालून जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली ती उठलीच नाही. तपासण्या झाल्या. ऑटिझम आहे, आणि शाळेची भीती इतकी बसली आहे की बोलणंच बंद होतं, असं निदान झालं. बऱ्याच मीटिंगांनंतर कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, तिच्या शिक्षणाचा खास प्लॅन मंजूर केला. एरवी इकडे मुलांना घरी शिकवायचं तर खर्च आपला आपणच करायचा असतो. पण असा प्लॅन असेल आणि शाळा झेपतच नाही हे पटलं, तर कौन्सिल घरी ट्यूटर आणि थेरपिस्ट देतं. नाहीतर योग्य त्या प्रायव्हेट स्पेशल शाळेची फी भरतं. कौन्सिलच्या बाई म्हणाल्या, "दोन्हींचा विचार होऊ शकेल. तुमचं काय मत आहे ते सांगा."

मत एक असतं तर सांगितलं असतं. मला शाळा हवी होती. हिरवळ, घोडे, मातीकामाची भट्टी, एका वर्गात सहा मुलं, न्यायला-आणायला कौन्सिलची टॅक्सी. मेधाला, माझ्या बायकोला, इरा घरीच हवी होती.

"तू तिला घरात कोंडणार," मी म्हणायचो.

"आणि तू तिला टॅक्सीत कोंबणार," ती म्हणायची.

एका शनिवारी ही वाक्यं जरा चढ्या आवाजात झाली. थोड्या वेळाने बेल वाजली. दारात ताई, हातात झाकलेली ताटली.

"थालीपीठं आणलीत. शाळा बघायला कधी जायचंय? मी येते."

आम्ही विचारलं नव्हतं. पण ताईंना विचारावं लागत नाही.

त्या शाळेतही ताई मागच्या खुर्चीत बसून आल्या. मुख्याध्यापिका उंच, हसऱ्या, उत्साही. त्यांनी घोडे दाखवले, मऊ उशांची खोली दाखवली. मी प्रत्येक गोष्टीला 'वंडरफुल' म्हणत होतो. मध्येच ताई म्हणाल्या, "जेवणाच्या सुट्टीत ज्या मुलाला कुणीच नको असतं, ते कुठे उभं राहतं?"

"आमच्याकडे बडी सिस्टिम आहे, प्रत्येकाला एक सोबती," बाई म्हणाल्या.

"ती असणारच. पण ते मूल कुठे उभं राहतं?"

मी बुटांकडे बघायला लागलो. बाई म्हणाल्या, "या, दाखवते." किचनच्या मागे, बॉयलरच्या भिंतीला लागून एक अरुंद बोळ होता. तिथे एक बाक, वर छोटं छप्पर. "मुलं इथे येऊन लपायची. आधी आम्ही त्यांना परत ग्राउंडवर न्यायचो. मग सुचलं की त्यापेक्षा बाक ठेवावा."

ताई बाकावर बसल्या. भिंतीला पाठ टेकली. बॉयलरमुळे भिंत कोमट होती.

"चांगली शाळा आहे," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या तोंडून आम्ही प्रथमच ऐकलं.

परतताना ताई गाडीत मागे बसल्या होत्या. मोटरवेला लागल्यावर आपणहून बोलायला लागल्या. "मिलिंदला आम्ही प्रायव्हेटमध्ये घातलं होतं." मिलिंद म्हणजे त्यांचा मुलगा, हल्ली न्यूझीलंडला असतो. "मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, हे वेअरहाऊसमध्ये. दोघं जादा शिफ्ट करायचो. शाळा बघून आलो तेव्हा ह्यांनी फाटकाशी उभं राहून फोटो काढला. इतकी सुंदर शाळा. मुलगा शिकला, मोठा झाला. आणि पस्तिशीला आल्यावर एकदा जेवताना सहज म्हणाला, आई, मी डबा जिमच्या मागच्या जिन्यात बसून खायचो. सगळी वर्षं."

मेधाने मागे वळून बघितलं.

"तक्रार नव्हती गं त्याची. हसत सांगत होता. तो जेवला पोटभर. मी माझं ताट उचलून ठेवलं. हेही तोवर गेले होते, सांगायचं कुणाला? मग एका शाळेचा बोर्ड दिसला, ओपन डे. शिरले आत."



त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही इराला घेऊन गेलो. ताई होत्याच. शाळेच्या आवारात गाडी थांबली. इराने सीटबेल्ट सोडला नाही. दोन्ही हातांनी तो धरून ती समोर बघत राहिली. मी समजावलं, मेधाने समजावलं. मुख्याध्यापिका बाहेर आल्या, पण खिडकीपाशी आल्या नाहीत. लांबच उभ्या राहिल्या आणि हात हलवून 'जा, काही हरकत नाही' अशी खूण केली. त्या खुणेबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे.

"शाळा चांगली आहे," ताई म्हणाल्या. "पोर दमलंय."

ठरलं. घरीच. मेधा जिंकली असं मला वाटायच्या आत ताई आमच्या घराच्या तपासणीला आल्या. डायनिंग टेबलाच्या कोपऱ्यातली खुर्ची ओढून बसल्या. चौफेर बघितलं. इरा सोफ्यामागे तिच्या ठरलेल्या जागी होती.

"ट्यूटर इथे बसणार?"

"हो," मेधा म्हणाली.

"आणि पोरीला नको झालं तर ती पळून कुठे जाणार?"

"म्हणजे?"

"शाळेतून मूल घरी पळतं. घरच शाळा झालं तर पळायचं कुठे?"

ताईंनी पुढ्यातला चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळपासून भिंतीपलीकडून सरकवासरकवीचे आवाज यायला लागले. मी जाऊन बघितलं तर ताईंची पुढची खोली रिकामी होत होती. शोकेस पॅसेजमध्ये आली होती, सोफा उभा करून दाराशी ठेवला होता आणि ताई गुडघ्यावर बसून गालिचा गुंडाळत होत्या.

"अरे संदीप, बरा आलास. ते टोक धर. ट्यूटर इथे येऊ दे. नको झालं की पोर घरी पळेल. दहा पावलं तर आहेत."

"ताई, तुमची बसायची खोली आहे ही."

"बसायला येतंय कोण?"

कौन्सिलच्या बाई खोली बघायला आल्या. ताईंची पोलीस तपासणी झाली, ओळखीच्या माणसांकडे चौकशी झाली, जिन्याचा कठडा हलवून बघितला गेला. "इतकी वर्षं मी शाळा तपासल्या," ताई सगळ्यांना सांगत सुटल्या, "शेवटी कौन्सिलने मलाच तपासलं. पास झाले!" बाईंना त्यांनी अर्थातच कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायला लावलं.

तेव्हापासून रोज सकाळी इरा दप्तर घेऊन आमच्या दारातून निघते आणि ताईंच्या दारातून आत जाते. ग्रेस नावाची तरुण ट्यूटर येते, तिचं शिकवणं बिनआवाजाचं, पत्ते आणि चित्रं आणि मोजपट्ट्या. ताई किचनमध्ये असतात, दार किलकिलं ठेवून. मेधाला घरी बसावं लागलं नाही, तिची नोकरी टिकली. सुरुवातीला इरा पाच मिनिटांत घरी पळून यायची, जिन्यावर बसायची आणि आपली आपण परत जायची. परत जायची! हे मी लिहितोय आणि माझा माझ्यावर विश्वास बसत नाही.

ताईंशी मात्र ती बोलत नव्हती. ताईही तिला काही विचारत नसत. नुसत्या तिच्या दिशेने बोलत राहत, भाजीबद्दल, पावसाबद्दल, बसच्या ड्रायव्हरबद्दल. एकदा मी इराला आणायला गेलो. ग्रेस निघून गेली होती. ताई खिडकीशी उभ्या राहून कुणाच्यातरी मांजराची कागाळी करत होत्या. मागून इराचा आवाज आला.

"आजी, तुझी चहा थंड झाली."

आता, इथे जन्मलेल्या आमच्या पोरांची मराठी म्हणजे ताईंचा जिव्हाळ्याचा विषय. विहारात एखादा मुलगा 'माझा पुस्तक' म्हणाला तर ताई भर कार्यक्रमात त्याच्याकडून 'माझं पुस्तक' वदवून घेतात. आता दुरुस्ती होणार, असं मला वाटलं. ताई वळल्या नाहीत. खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, "झाली का? बरं झालं सांगितलंस. मला थंडच आवडते." आणि तो गार चहा सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या.

आम्ही दोघं रीतसर आभार मानायला गेलो, साडी घेऊन. ताईंनी साडी ठेवून घेतली आणि आभार परत केले. "खोली रिकामीच होती," म्हणाल्या. "चला, ओट्यावर मेथी पडलीय, निवडू लागा."

परवा ऑक्टोबरची हाफ-टर्मची, म्हणजे सत्राच्या मधली आठवडाभराची, सुट्टी लागली. सोमवारी सकाळी मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेलो तर ताईंच्या पुढच्या खोलीत दिवा, पडदे उघडलेले, टेबल पुसलेलं. मी बेल वाजवली.

"ताई, आज सुट्टी आहे. ग्रेस पुढच्या सोमवारी येणार."

"मला काय माहीत नाही?" ताई जरा चिडूनच म्हणाल्या. "खोली गार पडली की भिंतींना ओल धरते. म्हणून हीटिंग लावलंय."

मी 'बरं' म्हणून घरी आलो. पॅसेजमध्ये इरा बूट घालत बसली होती.

"इरा, आज शाळा नाही."

"माहितीये, बाबा," ती लेस बांधत म्हणाली. "पण आजीला पण हॉलिडे आहे ना. ती एकटी काय करणार?"

दप्तर न घेता ती गेली. ताईंनी दार उघडलेलं मला ऐकू आलं. इराने बेल वाजवल्याचा आवाज काही आला नाही.