दाजींनी चाखलेली गोदावरी

माझे दाजी वाळू खातात. खोटं वाटत असेल तर आमच्या उमरीकडं कुणालाही विचारा. माझ्या लग्नात मांडवाबाहेर बांधकामाच्या वाळूचा ढीग पडला होता. तिथं हा सुटाबुटातला माणूस उकिडवा बसला, चिमूटभर वाळू दाताखाली धरली, कर्रकन चावली आन् थुंकून म्हणाला, "भरड आहे. धावत्या पाण्यातली." सासरे बघतच राहिले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "जावईबापू, तुमचे दाजी बरे हायत ना?" ऐन लग्नात काय सांगणार? म्हटलं, शास्त्रज्ञ हायत.

आहेतच. समुद्रकाठची वाळू कुठून येते आन् कुठं जाते, एवढं एकच शोधण्यात त्यांनी सगळी नोकरी घातली. आता तुम्हीच सांगा, माणूस लातूरचा! ज्या गावात नळाला पाणी आलं की शेजाऱ्याला हाका मारून उठवतात, त्या गावचा पोरगा समुद्र शिकतो म्हणजे कमालच की नाही? वाळूच्या दाण्यांना रंग लावायचे, किनाऱ्यावर टाकायचे आन् महिनोन्महिने तेच दाणे धुंडाळत हिंडायचं. आन् सरकार याचा पगार देतं हो!

हिंडा ना खुशाल. पण यांच्यामागं माझी सुमनआक्का फरफटली, त्याचं काय? जिथं किनारा खचला तिथं यांची बदली. कधी कोकण, कधी गुजरात, कधी पार ओडिशा. एक स्वयंपाकघर लावून होत नाही तोवर दुसरं. मी दाजींना तोंडावर सुनवायचो, "माझी बहीण काय तुमची रंगवलेली वाळू हाय का?" तर चष्मा पुसत म्हणायचे, "पुरावा बघावा लागेल." हे त्यांचं ठरलेलं. भाजीत मीठ नाही म्हटलं तरी पुरावा बघावा लागेल.

रिटायर झाल्यावर कसंबसं नांदेडात घर बांधलं, आन् वर्षाच्या आत आक्का गेली. राग यावा नाही तर काय यावं माणसाला?

तिसऱ्या दिवशी राख सावडली, मडक्याला फडकं बांधून अंगणातल्या जामाच्या झाडाला टांगली. मग मडकं उतरवून, गुरुजींना घेऊन गोदावरीच्या घाटावर गेलो. मंत्र सुरू झाले आन् दाजी पायरीवरून वाकले, तळाचा गाळ काढला आन् सरळ तोंडात! गुरुजींचा मंत्रच अडकला. दाजी म्हणाले, "इथं नको. हा गाळ उद्या मशीन लावून उपसतील." मडकं छातीशी धरलं आन् रिक्षात जाऊन बसले.

आख्खं नांदेड तिथं सोडतं, यांनाच काय धाड भरली होती? पण म्हटलं, समुद्राचा माणूस, चांगलं वाहतं पाणी पाहिजे असंल. मी आपला दुकान बंद ठेवून वाहतं पाणी शोधत हिंडलो. बंधाऱ्याखाली नेलं, तिथं पाणी नुसतं खळाळत होतं. चावलं, थुंकलं. "लई भरड. नको." पुलाखाली नेलं. "नको." शेवटी नाव करून ऐन धारेत नेलं, तर म्हणतात, "इथं तर नकोच नको." गुरुजी वैतागून म्हणाले, "यजमान, दुसरी नदी आणू का?"

दहावा तोंडावर आला. भावकी फोन करून राहिली, "बालाजी, बहिणीला झाडालाच टांगून ठेवता का रे?" हे ऐकलं आन् माझं डोकंच फिरलं. आदल्या सकाळी दाजींना अंगणात गाठलं.

"दाजी, बस झालं! जितेपणी हिंडवलं, आता तरी सोडा तिला. ऐन धार दाखवली तुम्हाला. अजून किती वाहतं पाहिजे? समुद्रालाच न्यायचीय का?"

दाजींनी मडक्याला हात लावला. "वाहतं नकोच आहे मला, बालाजी."

"मंग?"

"दवाखान्यात म्हणाली, अहो, आता मी सामान बांधणार न्हाई. धारेत सोडली तर वाहत वाहत पार समुद्रात जाईल ती. तिथून तर कशीबशी परत आणली तिला." मग हळूच म्हणाले, "मऊ गाळ शोधून राहिलोय. दाताला लागत नाही असा. तसा गाळ असतो तिथं पाणी थांबलेलं असतं."

"अहो, मग तोंडानं बोलायचं ना!" मी ओरडलो आन् ओरडता ओरडताच रडायला लागलो. "माणसाला नदीभर येड्यासारखं हिंडवलं!"

आमच्या गावाखाली नदी वळते. वळणाच्या आतल्या अंगाला मी आन् आक्का लहानपणी म्हशी धुवायचो. पाय रुतला तर चप्पल तिथंच राहायची. दाजींना तिथं नेलं. त्यांनी बोटभर गाळ जिभेवर धरला आन् पहिल्यांदाच नुसती मान हलवली.

"साचल्या पाण्यात?" गुरुजी म्हणाले. "शास्त्राला धरून होत नाही हे."

"तुम्ही मंत्र म्हणा हो!" मी खेकसलो. "शास्त्र काय एकट्या तुमचंच हाय का?"

दाजी कमरेइतक्या पाण्यात गेले. मागं मी. त्यांनी मडकं पालथं नाही केलं. पाण्याखाली नेऊन मूठ मूठ राख तळाशी ठेवली, वरून गाळ ओढला आन् लेकराला थोपटावं तसं थोपटलं. मडकं रिकामं झालं. गुरुजी काठावर पाय धुवायला लागले.

"चला दाजी. ऊन चढलं."

"थांब जरा. हलू नको," ते म्हणाले. "पाणी गढूळ झालंय. ती खाली बसू दे."

मी पाय उचलला होता, तो तसाच हळूच खाली ठेवला.