गोळी गिळण्याचं परमिट

सौदीत रास अल खैरला पाइपलाइनचं काम करणाऱ्या एका कंपनीत मी सेफ्टी ऑफिसर आहे. नाव रमेश, गाव चिपळूण, स्वभाव नियमाप्रमाणे. आमच्या साइटच्या दारात मोठा फलक आहे आणि त्यावर ‘अपघात : शून्य’ असं इंग्रजी, अरबी आणि हिंदीत लिहिलेलं आहे. हे शून्य टिकवणं माझं काम. माणसं टिकवणं एचआरकडे येतं. कामाची ही वाटणी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यावरून काही अडाणी लोकांनी मला नाही नाही ते बोलून घेतलं आहे.

शंकर पाष्टे हा आमचा पाइप फिटर, गुहागरकडचा. कामगारांच्या कॅम्पात आमच्या दोघांच्या खोल्यांत एकच भिंत. त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला तेव्हा अख्खा कॅम्प हादरला. मीसुद्धा हादरलो, खोटं कशाला बोलू? पण इस्पितळात त्याला डॉक्टर सकिना भेटल्या, मूळच्या रत्नागिरीच्या. त्यांनी त्याला आपल्या भाषेत समजावलं, की या जातीच्या कॅन्सरवर आता नेमकी गोळी आहे. ती सगळ्या शरीराला झोडपत नाही, बिघडलेल्या पेशींनाच हुडकून गाठते. रोज एक, न चुकता. घेत राहिलास तर नोकरी कर, सुट्टीवर घरी जा, लेकीचं, पिंकीचं लग्न लावून दे.

साइड इफेक्ट होणार हेही त्यांनी सांगितलं होतं. डोळ्यांखाली सूज, पायात पेटके, अधूनमधून बिघडलेलं पोट. त्यावर उपाय काय, तर गोळी जेवणाबरोबर घे, वर मोठा पेला भरून पाणी पी, काही दिवस उंचावर चढू नकोस, आणि जास्त वाटलं तर मला फोन कर, आपण बघू. मात्र मनानं गोळी बंद करायची नाही. “बाकी कशावरूनही माझ्याशी भांड, पण ते नाही,” असं त्या म्हणाल्या म्हणे.

हे सगळं अर्ध्या पानावर मावलं होतं. तिथेच मला शंका आली. जे व्यवस्थापन अर्ध्या पानावर मावतं, ते व्यवस्थापन नसतंच मुळी.

आठवड्याभरात माझी शंका खरी ठरली. सकाळी काम सुरू होण्याआधी सगळ्यांना उभं करून आम्ही सुरक्षेवर चार शब्द बोलतो. त्या रांगेत शंकर उभा, आणि डोळे बघतो तर पुरीसारखे फुगलेले.

“शंकर, हे काय?”

“गोळीचं आहे भाऊ. सकाळी असतं, दुपारपर्यंत उतरतं. डॉक्टरना फोटो पाठवला. म्हणाल्या, चालेल.”

“त्यांना चालेल रे. गॉगलला चालेल का? तुझा गॉगल गालावर बसत नाहीये. बाजूनं वाळू जाईल.”

“मग मोठा गॉगल द्या.”

बघा, म्हणजे सगळं किती सोपं वाटतं या लोकांना! मोठा गॉगल मागवायचा तर आधी डोळा मोठा झाल्याची नोंद हवी. नोंद केली तर ती ‘असुरक्षित परिस्थिती’ ठरते. मी नोंद केली. गॉगल अजून यायचा आहे.

त्याच आठवड्यात खाली जमिनीवर पाइप जोडता जोडता त्याच्या पोटरीत पेटका आला. “आई गं!” म्हणून तो मटकन बसला आणि हातातला पाना वाळूत पडला. कुणाला लागला नाही. पण लागू शकला असता, आणि आमच्या शास्त्रात न लागलेल्या पान्याची चौकशी लागलेल्या पान्यापेक्षा कडक असते. त्याला पाणी पाजण्याआधी मी त्या जागेभोवती पिवळी पट्टी बांधून घेतली. शंकर पट्टीच्या आत, पाण्याची बाटली बाहेर.

चौकशीची आमची पद्धत अशी, की मूळ कारण सापडेपर्यंत ‘का’ विचारत राहायचं.

“पाना का पडला?”

“पायात पेटका आला.”

“पेटका का आला?”

“गोळीनं येतो.”

“गोळी का घेतोस?”

“कॅन्सर आहे म्हणून.”

“कॅन्सर का झाला?”

“भाऊ, ते मला ठाऊक असतं तर मी तुमच्यापुढे बसलो असतो होय?”

हे उत्तर असमाधानकारक होतं. शिवाय एक तांत्रिक मुद्दा होता. मूळ कारण साइटच्या कुंपणाच्या आत सापडावं लागतं, तरच त्यावर कारवाई करता येते. कॅन्सर कुठे झाला ते कुणालाच सांगता येईना. गोळी मात्र कुंपणाच्या आत, शंकरच्या उशाखाली होती. सबब मूळ कारण म्हणून गोळीची निश्चिती करण्यात आली.

एकदा गोळी धोकादायक पदार्थ ठरल्यावर ती अशी कुणीही, केव्हाही तोंडात टाकायची वस्तू राहत नाही. तिला परमिट लागतं. शंकरनं संध्याकाळी अर्ज करायचा, मी तपासायचं, आणि काम जेवणाच्या जागी होणार म्हणून मेसच्या इन्चार्जनं सही करायची. हरिहर आमचा मेस इन्चार्ज. ओडिशाचा साधा माणूस. त्यानं जन्मात फक्त डाळीची जबाबदारी घेतलेली. सही करण्याआधी तो देवाचं नाव घ्यायचा. गोळी गिळताना बाजूला अग्निशामक घेऊन एक माणूस उभा करायचा. आग कशाला लागेल, असं शंकरनं विचारलं. लागली असती तर हाच शंकर पहिल्यांदा माझ्या नावानं ओरडला असता.

खरी पंचाईत मास्कनं केली. धोकादायक पदार्थ हाताळताना मास्क काढायचा नाही, हा नियम. आणि गोळी तोंडावाटेच घ्यायची, हा डॉक्टरांचा हट्ट. पहिल्या संध्याकाळी शंकर हेल्मेट, हातमोजे, मास्क अशा थाटात ताटापुढे बसला आणि डाळ गार होईपर्यंत बसून राहिला. शेवटी मी ‘क्षणिक मास्कमुक्ती’चं वेगळं परमिट काढलं. कुणी म्हणेल मी आडमुठा आहे. हे परमिट मी स्वतःच्या डोक्यानं तयार केलं होतं हो!

पोटाच्या तक्रारीवर तर मी जातीनं लक्ष घातलं. त्याच्यासाठी एक संडास राखून ठेवला आणि दुसऱ्या कुणी वापरू नये म्हणून त्याला कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे. अर्ज आला की अर्ध्या तासात किल्ली मिळेल, अशी व्यवस्था केली. पहिल्याच दिवशी मी किल्ली घेऊन धावत पोहोचलो तेव्हा शंकरला तिची गरज उरली नव्हती. त्या प्रसंगाचा अहवाल मी वेगळा पाठवला, फोटो जोडले नाहीत.

एवढं करूनही साइड इफेक्ट कमी होईनात. उलट अहवालांमुळे ते वाढल्यासारखे दिसू लागले. आणि नेमका त्याच सुमारास ज्यांचं काम आम्ही करतो त्या मोठ्या कंपनीनं सुरक्षेचं पारितोषिक जाहीर केलं. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर नदीमसाहेब लखनौचे. फार नम्र माणूस, ओरडताना खुर्ची देतात.

“बैठिए, रमेश. ये शंकर का क्या तमाशा है? मुझे ज़ीरो चाहिए. ज़ीरो मतलब ज़ीरो.”

मग मीटिंग झाली. तिथे मी धोका हटवण्याची शास्त्रीय उतरंड समजावून सांगितली. मास्क-हातमोजे हा सगळ्यात दुबळा उपाय. त्याहून बरं परमिट. आणि सगळ्यात श्रेष्ठ उपाय म्हणजे धोक्याची वस्तूच काढून टाकणं. हे आधी कसं सुचलं नाही, असं प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं. साइड इफेक्ट गोळीचे आहेत, तर गोळीच नको!

“डॉक्टरना विचारायचं का?” हरिहरनं हिंदीत विचारलं.

“डॉक्टर कंपनीच्या तक्त्यात कुठे बसतात?” मी विचारलं. कुठेच बसत नव्हत्या. ठराव एकमतानं मंजूर झाला. गोळ्यांचं पाकीट माझ्या कपाटात, कपाटाला कुलूप, खलास.

निकाल तुम्हीच बघा. आठवड्यात डोळ्यांची सूज उतरली. पेटके थांबले. पोट ठिकाणावर आलं. मी आलेख काढला, तो घसरगुंडीसारखा खाली येऊन शून्यावर टेकला. नदीमसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. माझे डोळे भरून आले, पण डोळ्यांत पाणी ही नोंद करण्याजोगी बाब असल्यामुळे मी आवरलं.

शंकर मात्र रोज संध्याकाळी माझ्या दारात. “भाऊ, माझी गोळी द्या. इन्शुरन्सवाले महिना सरल्याशिवाय दुसरं पाकीट देत नाहीत. माझा जीव आहे त्यात.”

“अरे, पण त्रास होतोय का तुला काही?”

“त्रास नाही होत, तीच तर भीती वाटतेय मला!”

आता या वाक्यावर काय कारवाई करणार?

डॉक्टर सकिनांनी रक्ताचा रिपोर्ट बघून मला फोन केला. “आकडे वर चढलेत. गोळी कुणी थांबवली?”

“डॉक्टर, आमच्याकडचे साइड इफेक्ट शून्यावर आलेत,” मी अदबीनं म्हणालो.

“आणि आजार?”

“आजार तुमच्याकडे येतो. आमच्याकडे फक्त साइड इफेक्ट.”

यावर त्या जे बोलल्या ते अस्सल रत्नागिरीचं होतं, इथे देता येत नाही. गोळी लगेच द्या, असा त्याचा सभ्य अर्थ. पण काढून टाकलेला धोका साइटवर परत आणायचा तर मोठ्या कंपनीची मंजुरी लागते, आणि पारितोषिकाआधी ती मागायची म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा.

शंकरची बायको संपदा हिनंही गावाहून फोन केला. मी तिला धीर दिला. “वहिनी, व्हिडिओवर बघा, शंकरचे डोळे किती छान दिसतायत.”

“छान डोळे घेऊन मी काय करू, भाऊजी?” ती रडायलाच लागली. “मला माणूस पाहिजे हो माझा. सुजलेला असू दे, लंगडत येऊ दे. आला पाहिजे.”

मी तिचं म्हणणं ‘कुटुंबीयांचा अभिप्राय’ या सदरात लिहून घेतलं.

पारितोषिक आम्हालाच मिळालं. मंडप घातला, लाल गालिचा अंथरला. बिर्याणीचे हंडे मेसच्या मागे चढले, कॅम्पातली माणसं सकाळपासून उपाशी राहून तयारीला लागली. मोठ्या कंपनीचे मुख्य पाहुणे पांढऱ्याशुभ्र थोबमध्ये, म्हणजे पायघोळ अरबी झग्यात आले. मी शंकरला इस्त्रीचे कपडे घालून स्टेजवर बसवलं. गळ्यात पाटी होती, ‘साइड इफेक्टमुक्त कामगार’. महिना नुकताच सरलाय आणि शंकर आदल्या शुक्रवारी टॅक्सीनं इस्पितळात जाऊन आलाय, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

नदीमसाहेबांनी त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. शंकर उठला. पाहुण्यांसमोरच्या बशीतले खजूर खाल्ले, मग दोन समोसे खाल्ले. पाहुणे कौतुकानं हसले, बशी आणखी पुढे सरकवली. त्यानं पाण्याची बाटली उघडली, खिशातून नवं पाकीट काढलं आणि गोळी जिभेवर ठेवली. हेल्मेट नाही, हातमोजे नाहीत, परमिट नाही!

“स्टॉप वर्क!” मी जिवाच्या आकांतानं ओरडलो.

आमच्या नियमात हा अधिकार प्रत्येकाला आहे. हे दोन शब्द ऐकले की ज्यानं त्यानं आहे तिथे थांबायचं. सगळे थांबले. क्रेन वरच्या वर थांबली. बिर्याणीतला हरिहरचा झारा थांबला. ट्रॉफी पुढे करणारा पाहुण्यांचा हात हवेत थांबला. थांबलं नाही ते फक्त शंकरचं नरडं. सगळ्या मंडपात त्याच्या पाणी पिण्याचा आवाज तेवढा आला.

“झालं,” तो तोंड पुसत म्हणाला. “आता करा तुमची चौकशी.”

पारितोषिक गेलं. फलक पुसला गेला. बिर्याणी पाहुण्यांबरोबर दुसऱ्या साइटला गेली, आणि कॅम्पात त्या दिवशी डाळच झाली. शंकरला कॅन्सर झाला तेव्हा त्याच्यासाठी रडलेली माणसं आठवडाभर त्याच्याशी धड बोलेनात. एक माणूस जगावा म्हणून बाकीच्यांनी उपाशी राहायचं का, असा त्यांचा रास्त सवाल होता.

शंकर आता ठीक आहे म्हणतात. डॉक्टर सकिनांनी आकडे खाली आणले. इस्पितळाची चिठ्ठी थेट मुख्य कार्यालयात गेली, म्हणून त्याला जमिनीवरचं काम मिळालं आणि माझ्या परमिटांना कुणी विचारेनासं झालं. तो जेवणाबरोबर गोळी घेतो, पाणी पितो, सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी संपदाला व्हिडिओवर दिसतो. ती बघते आणि हसते. मला अजूनही हे असुरक्षित वाटतं.

तुम्हीही मघापासून मला हसताय, ते मला कळतंय. हसा बापडे. फक्त एक सांगा. बीपीच्या गोळीनं पाय सुजतात म्हणून तुमच्या आईनं गोळी सोडली, तेव्हा “बरं केलंस, उगाच किती केमिकल पोटात घालायचं” असं कोण म्हणालं? सूज उतरल्यावर “गोळी सोडली आणि बघा कशी टुणटुणीत झाली” असं नातेवाइकांत कुणी सांगितलं? डॉक्टरांना विचारलं होतंत? मला या निर्णयासाठी निदान एक मीटिंग घ्यावी लागली, तुम्ही तो चहा पिता पिता घेतलात. शंकरनं त्याची गोळी पुन्हा सुरू केली. तुमच्या आईनं केली का?