वरची मूठ

आमच्या आईच्या सुपातून एखादा खडा सुटेल, पण माझ्या टेस्टमधून चुकीचा आकडा सुटायचा नाही, असं हर्षदाने पुण्याच्या ऑफिसला ठणकावून सांगितलं होतं. ती खोडाळ्याला घरी बसून काम करायची. कंपनी क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीचं सॉफ्टवेअर बनवत होती आणि हर्षदाची नोकरी अजून कच्ची होती. गुरुवारी योगिता मॅडमना सगळं चालवून दाखवायचं, मग पक्की. हे तिने आईला, हिराबाईला सांगितलं. हिराबाई बाजारात नागली विकायची, त्यामुळे बातमी मोखाड्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

काम तसं सरळ होतं. प्रोग्रामला एक सौदा द्यायचा, बरोबर उत्तर आधीच लिहून ठेवायचं. जुळलं तर हिरवी खूण, नाही जुळलं तर लाल. पण कॉइनचे कितीही बारीक तुकडे केले तरी भागाकारात शेवटी सगळ्यात बारीक कणाचाही एक तुकडा उरतोच. तो तुकडा कोणाचा?

हर्षदाला यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही. पायली भरली की वर एक मूठ गिऱ्हाइकाला घालायचीच. तशी न घालणाऱ्याकडे खोडाळ्यात कोणी दुसऱ्यांदा फिरकत नाही. तिने ठोकून लिहिलं: उरलेला तुकडा घेणाऱ्याला, तोही पुरा कण करून.

पुण्याच्या दिपेशने लिहिलेला प्रोग्राम या टेस्टला लालेलाल झाला. तो बिचारा चाचरत म्हणाला की बहुतेक उलटं असतं. हर्षदाने त्याला लाल खूण दाखवली आणि व्यवहार कशाशी खातात ते समजावलं. दिपेशने मुकाट्याने प्रोग्राम बदलला. सगळं हिरवंगार झालं, श्रावणातल्या डोंगरासारखं!

गुरुवारी हिराबाई नवं लुगडं नेसून लॅपटॉपमागे उभी राहिली. शेजारची नवशी आणि लाडकीही आल्या. योगिता मॅडमनी सरावाच्या बाजारात आपोआप सौदे करणारं एक यंत्र सोडलं. ते अगदी चिमूटभर, कणाहूनही कमी खरेदी करायचं आणि दर वेळी तेवढ्याच पैशांत पुरा कण घेऊन जायचं. असं ते एका दमात लाखो वेळा करत सुटलं. चहा निवायच्या आत बाजाराचं कोठार रिकामं झालं, मग उण्यात गेलं. टेस्ट मात्र सगळ्या हिरव्या!

"हा नियम कोणी लिहिला?" मॅडमनी विचारलं.

हर्षदाची नोकरी आता गेलीच होती. पण आई मागे उभी होती.

"मी लिहिला, मॅडम. आमच्याकडे वर मूठ घालतात."

मग मॅडम हसत सुटल्या. म्हणाल्या, टेस्ट पक्की होती, तिने प्रोग्रामला वाकवलं. फक्त नियम दानशूर होता. तासाभरात हर्षदाने तो उलटवला, कणाहून छोट्या खरेदीची नवी टेस्ट घातली, आणि यंत्र हात हलवत परत आलं. संध्याकाळी नोकरी पक्की झाली. हिराबाईने अभिमानाने गावभर गूळ वाटला आणि माझ्या पोरीनं कोणाला कमी नाय दिलं, असं घरोघर सांगितलं.

बाजाराच्या दिवशी हिराबाई हर्षदाला नागलीपाशी बसवून चहाला गेली. गिऱ्हाईक आलं. हर्षदाने पायली भरली, तळहाताने काठोकाठ सपाट केली, आणि एक दाणा जास्त जाणार नाही अशी पिशवीत ओतली. गिऱ्हाईक पिशवी पसरून उभंच राहिलं. मग त्याने नागली परत पाटीत ओतली आणि ते पलीकडच्या पाटीकडे गेलं. त्याच्यामागून आलेलंही तिकडेच वळलं.

हिराबाईने आल्या आल्या सगळं ओळखलं आणि तिच्या हातातली पायली काढून घेतली.

"ऊठ पोरी," ती म्हणाली. "तुला तठं पक्की केली आसंल. अठं नाय अजून."