अण्णांचं घर ओढणारी गाडी

भानुदास अण्णा पिकअप बघायला निघाले की सोबत तीन गोष्टी असायच्या: दुधानं काठोकाठ भरलेला कॅन, बसायला घोंगडी आणि बायको.

शोरूमचा माणूस मायलेज सांगू लागला की अण्णा हात वर करायचे. "ते ऱ्हाऊ दे. गाडीची नियत बघू आधी." मग कॅन मागं, काकू पुढं, घोंगडी अंथरून अण्णा स्टेअरिंगवर, आणि गाडी सरळ तलवाड्याच्या खडबडीत रस्त्याला. परत आले की आधी कॅनचं झाकण उघडायचं, मग काकूंच्या तोंडाकडं बघायचं. दोन्हींपैकी कुठंही फेस दिसला तर गाडी नापास.

मी मूळचा तलवाड्याचा नाही. भंडारा जिल्ह्यातला. सातवीत शाळा सुटली आणि कामामागं फिरत फिरत इथल्या वेल्डिंगच्या दुकानात येऊन पडलो. पहिल्याच आठवड्यात एका गेटची कडी मी उलट्या बाजूला जोडली. मालक मला हाकलायच्याच बेतात होता. गेट अण्णांचं होतं. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे की. आमी डाव्या हातानं उघडू." आजही ते गेट डाव्या हातानंच उघडतं. तेव्हापासून अण्णा सांगतील ते काम मी जीव लावून करतो आणि झाल्यावर चार दिवस घाबरून असतो.

यंदाचं काम म्हणजे चाकांवरचं घर. अण्णांची एकुलती लेक सुमन आष्टीला दिलेली. तिचे दिवस भरत आलेले, आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला. म्हणजे बाळंतपणाला माहेरी येणं नाही. आईनंच तिकडं जायला हवं. पण अण्णांचं एकच पालुपद, "हिला परक्या जागी झोप लागत न्हाई." शिवाय स्वतः अण्णा जुन्या वळणाचे. नातवंडाचं तोंड बघेपर्यंत लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा नेम. तेव्हा त्यांनी तोडगा काढला: आपलंच घर तिच्या अंगणात नेऊन उभं करायचं.

ट्रॉलीच्या सांगाड्यावर मी पत्र्याची खोली केली. दोन खाटा, खिडकी, देव्हारा, स्वयंपाकाचा फरशीचा ओटा, ओट्याखाली पाण्याची टाकी. आता राहिली ती ओढणारी गाडी. आणि बाळंतपण उरकलं की त्याच गाडीनं रोज सकाळी डेअरीला दूध न्यायचं. घर ओढलं पाहिजे आणि दूध हिंदकळलं नाही पाहिजे, अशी गाडी.

"ट्रॅक्टर लावा की अण्णा," हॉटेलावरचे लोक म्हणायचे.

"ट्रॅक्टरनं आष्टीला पोचस्तवर नातू शाळेतून घरी आलेला आसंल," अण्णा म्हणायचे.

पहिली गाडी दांडगी निघाली. घर तिनं असं ओढलं की मागं काही आहे याची तिला खबरच नव्हती. पण रिकामी असली की स्प्रिंगचे पाटे कडक, खड्ड्यात शेळीसारखी उडायची. काकू उतरल्या त्या कंबर धरूनच. "ताक करायची मशीन बघायलाव का गाडी?"

"हिची नियत मालाची हाय," अण्णांनी निकाल दिला. "मान्सांची न्हाई."

दुसरी मऊ. दूध शांत, काकू शांत. पण घर जोडलं आणि गाडीचं बूड बसलं, तोंड आभाळाकडं. अण्णांना स्टेअरिंगवरून रस्ता दिसेना, नुसते ढग.

"ही आष्टीला न्हाई," काकू म्हणाल्या, "सरळ वर निघालीय."

असं करत सहा गाड्या झाल्या. शोरूमवाले अण्णांना लांबून बघितलं तरी चावी खिशात घालू लागले. आणि एक दिवस जावयाचा फोन आला: डॉक्टर म्हणतात, आता फार तर आठ दिवस.

काकूंनी पिशवी उचलली. "मी येष्टीनं जाते."

"आन् झोप? झोप कशी लागायची तुला?"

"लेक तिकडं एकली पडलीय आन् तुमी माजी झोप मोजायलाव का?"

मग मी भीत भीत तोंड उघडलं. "अण्णा, मऊ गाडीत खोट नाही. खोट माझ्या घरात आहे. ओटा आणि टाकी पुढं असल्यानं सगळा भार हुकावर येतोय. ते चाकांच्या वर सरकवलं तर गाडीचं तोंड खाली येईल."

"न्हाई जमत. चूल आग्नेयेलाच पायजे. मोबाईलमदी कंपास बघून जागा धरलीय."

"पण अण्णा, घर चालणार आहे. गेवराईच्या पुढं वळलं की आग्नेय कुठं राहील?"

अण्णांनी मोबाईल काढला. कंपास बघत घराभोवती एक चक्कर मारली, मग उलटी एक. चेहरा उतरला.

"आन् देव? देव तर दर वळनाला तोंड फिरवनार की रं!"

आतून काकू ओरडल्या, "देवाला म्हनावं, सीट धरून बस!"

त्याच दिवशी ओटा सरकला, मऊ गाडी पास झाली आणि दुसऱ्या सकाळी आम्ही निघालो. वाटेत मी अठरा वेळा उतरून हूक बघितला. अठराव्यांदा अण्णा म्हणाले, "लई बघू नगं. त्याला आता लाज वाटायलीय."

दुपारी आष्टी आली. काकू गाडी पुरती थांबायच्या आत उतरल्या आणि लेकीकडं आत गेल्या. जावयानं पाण्याचा तांब्या आणला. अण्णांनी हात जोडले आणि आपल्या टाकीचं पाणी प्याले.

जेवणं झाल्यावर मी दारातून डोकावलो. सुमनच्या खाटेशेजारी, जमिनीवरच्या चटईवर, तिच्या पायाला हात लावून काकू झोपल्या होत्या. चांगल्या घोरत होत्या. मी पळत जाऊन अण्णांना सांगितलं, "अण्णा, काकूंना झोप लागली!"

ते आपल्या घरात दुसऱ्या खाटेवरची चादर सारखी करत होते. सारखीच होती ती.

"तिला कुटंबी लागती," ते म्हणाले. "येष्टीत लागती. लग्नाच्या मांडवात लागती."

"मग?"

"मला न्हाई लागत." त्यांनी चादरीची कड पुन्हा एकदा ओढली. "सुमनच्या टायमाला माहेरी गेलती, तीन म्हैने. मी गोठ्यात म्हशीजवळ झोपायचो. कुनीतरी श्वास घेतंय, येवढं ऐकू याया पायजे बग."

मग म्हणाले, "जरा मागं घेतोस का घर? खिडकीला खिडकी येऊ दे. मी हितंच बसतो."

घर मागं घ्यायचं म्हणजे स्टेअरिंग उलटं फिरवावं लागतं. तीनदा चुकलं. चौथ्या वेळी आमची खिडकी सुमनच्या खिडकीपासून हातभर अंतरावर आली आणि मी इंजिन बंद केलं. गजांमधून काकूंचं घोरणं स्पष्ट येत होतं.

मी आत बघितलं. अण्णा पायातल्या चपलांसकट खाटेवर आडवे झाले होते. जावई चहाचं विचारायला आले, त्यांना मी हातानंच थांबवलं आणि आवाज न करता चाकांना दगड लावायला बसलो.