आबांच्या मोटारीचा पहिला रंग

हिरवा नावाचा रंग आमच्या आबांना मान्य नाही. मी शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळे हे मला जरा जास्तच लागतं. त्यांच्या फाटकाला हिरवा शोभेल असं एकदा सहज म्हणालो, तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "हिरवा म्हंजे कसला, मास्तर? लसणाच्या पातीचा, का कालव्यातल्या शेवाळाचा?" तांबड्याचंही तेच. डाळिंबाचा दाणा, नवी वीट, गेरू, असं एखाद्या वस्तूचं नाव घेतल्याशिवाय त्यांचं समाधान होत नाही.

वडगाव निंबाळकरला आबांच्या भिंतीला लागून माझं घर. ऊस, म्हशी आणि वडिलांच्या वेळची एक गोल पाठीची मोटार, हा आबांचा पसारा. गेल्या वर्षी त्यांची बायको, आमच्या काकू, गेल्या आणि त्यांचा तऱ्हेवाईकपणा वाढला. एका पायात तांबडा मोजा, दुसऱ्यात हिरवा, असे ते थंडीत डेअरीवर येत. मंडईतून टोमॅटो आणत तेही निम्मे कच्चे. आम्ही गालातल्या गालात हसायचो. तशी आबांना हसायची आम्हाला जुनीच सवय. काकू असताना बारामतीच्या सिग्नलला गाडी थांबली, की शेजारून काकू "चला" म्हणेपर्यंत आबा ती हलवत नसत. बायकोच्या हुकमाशिवाय यांचा क्लचवरचा पाय निघत नाही, अशी गावभर चेष्टा व्हायची. आबाही त्या हसण्यात सामील होत.

तर या आबांनी यंदा मोटारीचं काम काढलं. घरात लग्न निघालं की गाडीला नवा रंग, ही त्यांच्या वडिलांची रीत. शेवटचा चढला तो पांढरा. आबांना मात्र हवा होता पहिला, काकू मोरगावहून नवरी होऊन ज्या रंगाच्या कोऱ्या गाडीतून आल्या तो. दुसरा कुठलाही त्यांना चालणार नव्हता. पण तो रंग बघितलेलं जुनं माणूस घरात कुणी उरलं नव्हतं, आणि आबांना विचारावं तर ते विषयच बदलत.

आबांनी गाडी इंदापूरला शौकतभाईंच्या गॅरेजात नेली, मागोमाग मी माझी घेऊन गेलो. शौकतभाईंनी दारावर तळहाताएवढी जागा पॉलिश पेपरनं अलगद घासत नेली. हळूहळू एकात एक कडी उमटू लागली. बाहेर पांढरा, मग निळा, त्याच्या आत गुळाच्या ढेपेसारखा पिवळट तांबूस, आणि त्याही आत, अगदी पत्र्याला धरून, एक कोवळा हिरवा. मी बघतच राहिलो. तेवढ्यात आबांनी पिशवीतून पत्र्याचा एक तुकडा काढला. रंगाच्या दुकानात उभं राहून नमुन्याचा रंग त्यांनी आधीच करून आणला होता. त्या हिरव्या ठिपक्यावर तो धरून ते थाटात म्हणाले, "जुळला."

तुकडा अस्सल गुळाच्या रंगाचा होता. आबा माझी फिरकी घेतायत असं वाटून मी मोठ्यांदा हसलो. म्हणालो, अहो, हा गूळ आणि तो हिरवा. शौकतभाईंनी मात्र हसू दाबलं आणि बोट ठेवून दाखवलं, "आबा, हितं दोन रंग हायत. एकाच्या पोटात एक."

आबा वाकले. चष्मा पुसून पुन्हा वाकले. त्या दोन रंगांच्या मधल्या सीमेवरून त्यांनी बोट फिरवलं.

"कुठं?" ते म्हणाले.



परतीच्या वाटेवर त्यांनी माझी गाडी कालव्यापाशी थांबवायला लावली आणि पाण्याकडे बघत सगळं सांगितलं. तांबडा, हिरवा, गुळी, सगळे त्यांना जन्मापासून एकाच घरचे दिसतात. हे सांगितलं फक्त एका माणसाला, लग्नाच्या दिवशी, त्याच मोटारीत. पोरीला आपल्या पदरात काय पडलंय ते कळायला हवं म्हणून. काकूंनी खिडकीतून दारावर हात टेकवला. मग म्हणाल्या, "ही गाडी हुरड्याच्या रंगाची हाय. हुरडा खाल्लाय न्हवं? मग तुमास्नी रंग ठावं हाय की."

त्यानंतर प्रत्येक रंग काकूंनी त्यांच्या हातात वस्तू करून दिला. सदरा, मोजे, टोमॅटो, सगळं निवडलं आणि कुणाला कधी कळू दिलं नाही. ज्या नावांवरून मी आबांशी वाद घालत होतो ती सगळी काकूंनी ठेवलेली होती. आबांना हुरडा हे नाव पाठ होतं, पण दारावर तो रंग ओळखायला काकू नव्हत्या. मला फार वाईट वाटलं.

मग आम्ही शौकतभाईंचा नवा नमुना घेऊन मोरगावला गेलो, काकूंच्या भावाच्या रानात. जोंधळा नेमका हुरड्यात आलेला. ऊन कोवळं, कुठूनतरी आगटीचा धूर येत होता आणि सगळं शिवार नुकतं झोपेतून उठत असल्यासारखं. आबांनी कणीस चोळून कच्चे दाणे तळहातावर घेतले आणि हात माझ्यापुढे धरला. मी नमुना शेजारी ठेवला. जुळतोय म्हणालो. खरोखरच जुळत होता. आबांनी दाणे तोंडात टाकले आणि डोळे मिटून कितीतरी वेळ चघळत राहिले.

रंग पुरा झाल्यावर गाडी आणायला आम्ही दोघं गेलो. संध्याकाळी बारामतीत शिरलो तेव्हा ऊन समोरून डोळ्यांवर येत होतं. एरवी दिवा वरचा पेटला की खालचा यावर आबांचं भागतं, पण त्या उन्हात काहीच दिसेना. सिग्नलला गाडी थांबली. लोक वळून वळून तो हुरडा बघत होते. आबा दोन्ही हात चाकावर ठेवून सरळ समोर बघत बसले. दिवा बदलला.

"चला, आबा," मी म्हणालो.

गाडी हलली नाही. मागून हॉर्न सुरू झाले.

"नुसतं 'चला' म्हणा, मास्तर," आबा समोर बघतच हळू म्हणाले. "ती आबा म्हणायची न्हाय."